पुस्तक घेऊन आलेला पाहुणा

…चपला राहू दे पायात, आत ये! क्षितिजा घरात न्हाय, पण मी तिची आई हाय ना. पुस्तकावर तिची सही पाहिजे? बस मग, चहा टाकते. तू वाचलंस सगळं? ते निवट्यांचं वाचलंस— चिखलातले ते मासे हातानं कसे धरायचे, कालवण कसं करायचं? ते माझं हाय! मलाच विचारून घेतलं नि छापलं.

खरं सांगू, बरं वाटलं तू आलास. काल्हेरातलं कोणी आता आमच्याकडं पाण्याला पण येत न्हाय. सख्ख्या काकानं लग्नाला बोलावलं न्हाय. का? तर खाडीतल्या तिवरांच्या झाडांवर भराव टाकतात, त्यांच्यावर हिनं केस केली. लोक बोलतात, बापाच्या गोडाऊनच्या भाड्यावर शिकली नि गोडाऊनवाल्यांच्याच मागं लागली. आता हे काय खोटं हाय? न्हाय. आमचं खाजण, खाडीकाठची खारी जमीन, तिच्या बाबांनीच गोडाऊनला दिली. मी बोलले, पुस्तकं लिही, पेपरात लिही, कोर्ट कशाला? तर बोलते, आई, लोक वाचतात, हळहळतात, नि डंपर येतच राहतात. परवा दारातली तिची स्कूटी जाळली— तेव्हापासून जीव थाऱ्यावर न्हाय माझा. ती परत येईस्तोवर उंबऱ्यातच बसते मी.

आता? आता बांधावर असेल. आज अमावस्या ना— दुपारी उधाण येतं, नि संध्याकाळच्या ओहोटीला खाडी पार तळाला जाते. मग नवा भराव उघडा पडतो. तेव्हाच फोटो काढायचे, ते कोर्टात लागतात. अमावस्या-पुनव चुकवत न्हाय ती. सोबत? सोबत कोण येतंय रे, एकटीच. शेवटच्या गोडाऊनच्या मागून पायवाट हाय, खाडीचं पाणी सोडायची जुनी उघाडी हाय ना, तिथपर्यंत— अरे, उठलास का? चहा उकळतोय. फोन कोणाला लावलास? "अकेली है"— असं कोणाला सांगतोस? दादा, कोण हायस तू?

थांब. ऐक, मी चुकले. अमावस्या आज न्हाय, उद्या हाय. ती ठाण्याला गेलीय, वकिलाकडं. न्हाय— घरातच हाय, आत झोपलीय! क्षितिजा! ए क्षितिजा, ऊठ बाय, बघ कोण आलंय! …येईल आता, तोंड धुतेय. बस ना रे बाबा. चहा तरी घे. बस ना—