ओढ्यापलीकडची जागा

विस्कॉन्सिनमधल्या आमच्या गावात, हरणाचं मांस कापून देणाऱ्याच्या दुकानात माझ्यापुढं दोन शेजारी, मार्लिस आणि आर्विन, उभे होते. मार्लिसच्या गाडीत तिनं मारलेला शिंगाळा, थोराड नर. आर्विन नुसताच सॉसेज घ्यायला आलेला.

"सलग सहावं वर्ष, मार्लिस! काय जादूटोणा करतेस गं?"

"घरी बसते."

"थट्टा पुरे."

"खरंच. वारा चुकीचा असला की मचाणावर चढतच नाही. यंदा दोनदाच गेले. तू?"

"रोज. नऊ वर्षांत एकही नर नाही. उद्या हंगामाचा शेवटचा दिवस."

"बसतोस कुठं?"

"बाबांनी बांधलेल्या मचाणावर."

"अरे बाबा, तिथून तुझा वास थेट दलदलीत जातो! म्हातारा नर तिथंच झोपतो. तू शिडीवर पाय ठेवलास की त्याला कळतं. उद्या ओढ्यापलीकडं बस. मिळेल, पैज लाव."

"ओढ्यापलीकडचं घरातून दिसत नाही."

"घरातून कुणाला बघायचंय?"

"बाबांना. आता चढवत नाही त्यांना. सकाळभर खिडकीत बसून माझी शिकारीची केशरी टोपी बघतात."

"आणि हरीण?"

"काल जेवताना म्हणाले, 'आज अगदी जराही हलला नाहीस.'"