आम्ही बुजवलेला व्हाळ

मी जन्माची बोनकोड्याची, माहेर नि सासर एकच गाव, त्यामुळं आमच्या व्हाळाची, म्हंजे ओढ्याची, वाट मना तोंडपाठ हाय. पारसिकच्या डोंगरातून येतो तो, आता मधी कंपन्या आल्या, रूळ आले, पन येतो तिकडूनच, नि गावात शिरला की सरळ नाय जायाचा, आमच्या परसाला वळसा घालून तिवरांतून खाडीला जायाचा. पाऊस सरला की घोट्याभर पानी, पोरी आमी त्याच्यात चिखलातल्या निवट्या मासल्या धरायचो नि आयेचा मार खायचो.

काय सांगू तुमाला बाय, तो वळसा आमीच बुजवला. पोरगा लग्नाचा झाला, घर पुरेना, मंग माझ्या मालकांनी चार टेम्पो रॅबिट, पाडलेल्या घरांचा विटा-दगडांचा चुरा, टाकला नि त्याच्यावर किचन काढला. मी सोता घमेली वाहिली. गावात सगळ्यांनीच घरं अशी वाढवलीत, आमी काय वेगळा केला, असा मी मनाला सांगायची. पन पुनव-अवसेला खाडीला उधान येतो, त्यात पाऊस धरला की खाडीचा पानी वर सरतो, डोंगराचा खाली येतो, नि वाट तर आमच्या ओट्याखाली. मंग तो पानी शिरायचा शेजारी संगीताच्या घरात. ही साताऱ्याची, नवरा मार्केटात माथाडी, वळसा बुजवल्यावर राह्यला आलेली, तिला काय म्हाईत. ती बादल्या उपसायची, पालिकेच्या साहेबांना शिव्या घालायची, नि मी तिच्याबरोबर उपसत बोलायची, हो गो, कोन लक्षच देत नाय. लाज वाटते आता. मालक बोलले होते, तोंड उघडशील तर घर जाईल. ते वारले, तरी मी गप्पच.

मंग नाला बांधायचा निघाला. एक इंजिनेर पोरगी नकाशा घेऊन आली, नकाशात व्हाळ सरळ रेघ. तिनी विचारला, आजी, पानी आधी कुठनं जायाचा? गावातले सगळे बोलले, असाच, सरळ. ज्याचा त्याचा घर व्हाळाला लागून, कोन बोलनार? तसाच बांधला असता तर संगीताच्या घरात पानी कायमचा. मना काय झाला कोन जाने, मी बोल्ली, नाय, माझ्या किचनखालनं जायाचा, आमी बुजवला. संगीता तिथंच होती, ती वळून घरात गेली. पोरगा बोल्ला, आये, डोक्यावर पडलीस काय.

घर नाय गेला बाय. किचनच्या मागनं पाईप टाकला, न्हायची मोरी तेवढी पाडली. पन संगीता बोलायची बंद झाली, वाटेत दिसली की तोंड फिरवायची. तेवढा भोगायलाच पायजे होता मना.

ह्या साली अवसेचा उधान नि पाऊस एकाच दिवशी, भर दुपारी. मी दारात उभी, जीव मुठीत धरून तिच्या उंबऱ्याकडं बगत. पानी आला, पायपात शिरला, गेला. उंबरा कोरडा. एवढा हायसा वाटला, मी तिथंच पायरीवर बसली. तवर संगीताच्या घरातून हाक, काकी, तिथं बसून काय बघताय, या की, हात लावा जरा. गेली तर तांदळाचा पिंप, पोरांची दप्तरं, गोधड्या, सगळा पलंगावर चढवलेला. एकेक आमी खाली उतरवला. पिंप जमिनीवर टेकला तशी ती बोल्ली, काकी, पावसाळ्यात पहिल्यांदाच तांदूळ खाली ठेवला बघा. नि रडली. मी पन रडली. माफ केला असा काय बोल्ली नाय ती, मी पन विचारला नाय. च्या टाकला तिनी, मी बसून प्याली. तिचा तांदूळ असाच खाली राहो, माझी मोरी गेली तर गेली.