देवधर सरांचा हात

काकू, सरांचे आप्त, नारायण पेठेतले शेजारी, कंपनीतली मंडळी, आपण सगळे सरांच्या शोकसभेला आलात. चार माणसांत बोलायची मला सवय नाही. तरी बोलणार आहे. साहेब, कंपनीचे प्रमुख म्हणून आपण पुढच्या रांगेत बसलात ते बरं केलंत. हारही केवढा आणलात! सर असते तर म्हणाले असते, “एवढा मोठा हार? पाप मोठं दिसतंय.”

मी मृणाल. औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत अकरा वर्षं सरांच्या हाताखाली होते. औषधात लेबलवर लिहिलंय तेवढं औषध खरंच आहे का, हे आम्ही गॅस क्रोमॅटोग्राफीनं मोजतो. सुईनं थेंबभर नमुना यंत्रात टोचायचा. त्याची वाफ होते, घटक वेगळे होतात, कागदावर उंचवटे उमटतात. औषध कमी, तर उंचवटा कमी.

लहान मुलांच्या फिट्सवरचं सिरप होतं. सरांनी तीनदा तपासलं. तिन्ही वेळा औषध पाऊणच भरलं. सरांनी लाल पेनानं लिहिलं, ‘नापास’.

साहेब, तुम्ही काय म्हणालात? “म्हाताऱ्याचा हात थरथरतो. नमुना कमी टोचला गेला.” दुसऱ्याकडून हवा तसा रिपोर्ट घेतलात, माल बाजारात पाठवलात आणि सरांना घरी.

थरथरायचा हो सरांचा हात! कोण नाही म्हणतंय? पण आम्ही प्रत्येक नमुन्यात दुसरा एक पदार्थ मोजून घालतो. कशासाठी? टोचताना कमी-जास्त झालं, तर दोन्ही उंचवटे सारखेच लहान-मोठे होतात. दोघांचं प्रमाण बदलत नाही. सर नव्या मुलांना शिकवायचे, “चहा अर्धाच कप ओतला, म्हणून अगोड होतो का?” प्रयोगशाळेत हे सगळ्यांना माहीत होतं. साहेब, तुम्हालाही.

आणि मला. तरी ‘हात थरथरल्यानं तपासणी चुकली’ या कागदावर साक्षीदार म्हणून सही माझी आहे. काकू, माझीच. नोकरीला घाबरले.

महिन्यापूर्वी मी सरांच्या घरी गेले होते. सरांनी कागदाचा विषयच काढला नाही. काकूंना म्हणाले, “मृणालला चहा टाक.” मग हळूच मला विचारलं, “ती बॅच परत मागवली का गं?” मी म्हटलं, “नाही.” त्यांनी कप तसाच ठेवला. गेल्या आठवड्यात सर गेले. कामाला नालायक ठरून गेले. हे मी विसरणार नाही. तुम्हालाही विसरू देणार नाही.

आज सकाळी औषध प्रशासनाच्या कचेरीत जाऊन आले. सरांचे तिन्ही आलेख दिले. त्या बॅचच्या राखून ठेवलेल्या बाटल्या कोणत्या कपाटात आहेत, तेही सांगितलं. माझी सही खोटी होती, असं लिहून दिलं. माझं व्हायचं ते होऊ दे. साहेब, घाम पुसा. मला तुमची कीव येत नाही. उलट थोडं बरं वाटतंय.

चला, दोन मिनिटं शांत उभे राहू या. साहेब, दाराकडे काय बघताय? उभे राहा.

सर, माफी आज मागत नाही. तो अधिकार मला नाही. ती शेवटची बाटली दुकानातून परत येऊ दे, हा माणूस कोर्टात उभा राहू दे. मग घरी येऊन तुमच्या फोटोसमोर मागेन.