जेवायच्या आधी अर्धा तास

...अन् अर्धा तास म्हणजे धरायचा कुठून, ते तरी सांगा की बाई! तवा तापल्यापासून, का पावणं हात धुवून पाटावर बसल्यापासून, का पावण्यांनी ढेकर दिल्यापासून? नाय, सांगा ना! हसताय काय... हसा, हसा. सुई माझ्या पोटाला, तुमाला काय जातंय हसायला!

तुमाला सांगते, आमच्या भरतचं, माझ्या लेकाचं लग्न झालं अन् त्याच साली मला साखर निघाली. गोळ्या झाल्या, कारल्याचा रस झाला, कोण म्हणलं मेथ्या भिजवून खा, कोण म्हणलं जांभळाच्या बिया कुटून खा... सगळं खाल्लं, गोड तेवढं नाय खाल्लं, तरी साखर आपली माळ्यावर चढून बसल्याली. शेवटी मंचरच्या डाक्टरीणबाईनं हातात इन्शुलिनची बाटली दिली, सुई दिली अन् असा मऊ मऊ आवाज काढून म्हणली, "हे बघा साळुबाई, अजिबात अवघड नाही. जेवायच्या आधी अर्धा तास घ्यायचं, आणि मग व्यवस्थित जेवायचं. बस्स!"

बस्स म्हणं! तिचं बस्स झालं अन् माझं सुरू झालं.

आता आमचं घर कुठं? पेठला, अगदी पुणे-नाशिक रस्त्याला लागून. घाट चढून-उतरून माणसाला भूक लागती ती बरुबर आमच्या दारात. भावकीतला असू द्या, सोयऱ्यातला असू द्या, सोयऱ्याच्या मोटारीचा डायव्हर असू द्या, गाडी थांबलीच! अन् आमचे हे, धर्माजी, त्यांना माणसांचा भारी सोस. ओट्यावरनंच हाळी देत्यात, "अगं एऽऽ, दोन भाकरी वाढीव टाक गं!" दोन म्हणत्यात अन् माणसं मोजावी तर सहा! मग आधी पावणं जेवणार, मग हे, मग पोरंसोरं, अन् मग पातेलं वाकडं करून, आत काय दिसतंय ते बघून मी. सासूबाईंनी असंच केलं, त्यांच्या सासूनं असंच केलं, मी काय येगळी! अन् डाक्टरीण म्हणती, जेवायच्या आधी अर्धा तास! अगं माझे बाई, माझं जेवाण कधी हाय ते मलाच ठाऊक नाय, तर त्याच्या आधीचा अर्धा तास मी कुठनं आणू?

तरी घेत व्हते. अंदाजानं. कधी हात थरथरायचे, कधी घाम फुटायचा... मी म्हणायची, चुलीची धग. कधी डोळ्यांपुढं काजवे... मी म्हणायची, धूर. चूल बिचारी, तिच्यावर काय बी ढकला.

मग आली गावची यात्रा. तुमाला सांगते, यात्रेला आमच्या घरी माणूस मावत नाय. मटणाचं पातेलं असं, की उतरवायला दोन गडी लागावं. सकाळपासून पंगती चालल्याल्या. माझी सून प्राची, लई गुणाची पोर, ती भाकऱ्या थापता थापता म्हणली, "आई, ही शेवटची पंगत. तुम्ही सुई घेऊन टाका, ही उठली की आपण दोघी बसू." मी सुईत मोजून दहा रेघा औषध घेतलं, पोटाला टोचलं, पदर सारखा केला... अन् दारात जीप!

कोण? तर माझी नणंद बयाबाई अन् तिचे मालक जानकूदाजी, मढवरनं, संगं जीपभर गोतावळा! आता दाजी म्हणजे ह्या घरचे जावई. त्यांना काय म्हणणार, थांबा, आधी मी जेवते? दाजी उतरले ते नाक वर करूनच. "वैनी, रश्श्याचा वास थेट ओतूरपर्यंत आला, तुमाला सांगतो!" आला ना? मग बसा!

बसले. अन् दाजींचं जेवण म्हणजे काय विचारता! एक भाकरी, दुसरी भाकरी, मधीच गप्पा, तिकडं पाऊस कसा, भाताचं काय... परत तिसरी. "वैनी, रस्सा!" वाढला. "वैनी, कांदा!" दिला. "वैनी, जरा नळी बघा की खाली!" इकडं माझ्या कानात घूंऽऽ व्हायला लागलं. हात लटलट कापायला लागलं. पाठ घामानं चिंब. अन् बघते तर काय, दाजींना दोन तोंडं! अन् दोनी तोंडं जेवत व्हती! मी मनात म्हणलं, आता कसं उरायचं माझ्यासाठी?

अन् पुढं माझ्या तोंडातनं जे काय बाहेर पडलं... जलमात ज्या माणसापुढं मी डोईवरचा पदर ढळू दिला नाय, त्या जावयाला मी म्हणलं, "ऊठ ए! पोट हाय का कणगी? ऊठ तिथनं!" अन् हातातली पळी दिली भिरकावून!

अन् मग बयाबाईनं हंबरडाच फोडला, "अगं बया बया! वैनीच्या अंगात आलं! दादा, ऊद आणा, ऊद!" झालं! मला धरून पाटावर बसवलं, कपाळभर कुंकू फासलं, अन् ज्यांच्यावर पळी फेकली ते दाजी खरकट्या हातानं माझ्या पाया पडत्यात! "बोल आई, काय चुकलं आमचं?" मला सगळं दिसतंय, पण पाण्याच्या तळातनं बघावं तसं. जीभ वळंना. कसंबसं म्हणलं, "सा... साखर..."

"आई साखर मागतीया! साखर आणा!"

आमचे हे धावत घरात. आता साखरंचा डबा कुठं असतो, त्या माणसाला काय ठाऊक? तसेच माघारी आले अन् हात जोडून देवीलाच विचारत्यात, "आई, डबा कुठं ठेवलाय?"

हसू नका वो... तवा मी मरत व्हते.

प्राची चुलीपासनं पळत आली, हाताला पीठ तसंच. "अहो देवी कसली! आईंची साखर उतरलीय! सरका, सरका सगळे!" तिनं दाजींना ढकललं, बयाबाईला ढकललं, अन् साखरंचं पाणी माझ्या ओठाला लावलं. "आई, गिळा. गिळा हो आई. माझ्याकडं बघा." पोरगी रडत व्हती अन् पाजत व्हती. पुन्हा पाजलं. मग हळूहळू दाजींचं एक तोंड कमी झालं. मला माणसं ओळखू याया लागली. उंबऱ्यावर हे बसले व्हते, डोक्याची टोपी हातात. एवढंच म्हणले, "गेली व्हतीस की गं."

त्या दिशी पैल्यांदा, सगळे पावणं उभे, अन् मी एकटी बसून भाकरी खाल्ली. प्राचीनं कुस्करून दिली. लाजच लई वाटली.

दुसऱ्या दिशी मंचर. डाक्टरीणबाई कागद बघून म्हणती, "साळुबाई, तुमची साखर कधी पाताळात, कधी आभाळात! तुम्ही जेवता तरी किती?"

मी म्हणलं, "उरंल तेवढं."

"म्हणजे?"

"म्हणजे रस्सा उरला तर तीन भाकरी, नाय उरला तर चटणीसंगं अर्धी."

"आणि इंजेक्शन?"

"ते तुमी सांगितलंय तेवढंच! दहा. एक रेघ इकडं नाय, तिकडं नाय." मला वाटलं शाबासकी देईल. तर बाईनं कपाळाला हात लावला. म्हणली, "अहो, अर्धी भाकरी खाऊन दहा? चूक माझीच. मी अर्धा तास सांगितला, तुमच्या घरात कोण कधी जेवतं ते विचारलंच नाही." मग म्हणती, "भाकरी घेऊन या तुमची." गेले बाई, फडक्यात बांधून, ह्यांना बी संगं घेऊन! एस्टीत सगळी माणसं वास घेत्यात, म्हणत्यात, मावशी कुणाला डबा? म्हणलं, दवाखान्याला. डाक्टरीणबाईनं ती काट्यावर ठेवली अन् डोळं मोठं केलं. "ही एक भाकरी? ह्या तर दोन आहेत!"

मग तिनं शिकवलं. भरतनं मशीन आणून दिलं व्हतं, त्याच्यावर आधी बोट टोचून साखर बघायची. मग ताटात काय हाय ते बघायचं. भाकरी एक का अर्धी, भात हाय का नाय, त्यावरनं सुईत रेघा भरायच्या, कमी खाणं तर कमी रेघा. कुठल्याला किती, ते तिनं माझ्यापुरतं ठरवून दिलं. बाटली बी नवी दिली. "ही ताट पुढ्यात आलं की घ्यायची. ताट नाही, तर सुई नाही." अर्धा तास गेला म्हणा एकदाचा! अन् मग ती ह्यांच्याकडं वळली. "धर्माजीकाका, आजपासून साळुबाई आधी जेवणार."

हे म्हणत्यात, "पावण्यांच्या आधी?"

"पावण्यांच्या आधी."

"अन्... माझ्या बी?"

"तुमच्या बी!"

आता सोपं वाटतंय ऐकायला. तुमाला सांगते, शिकता शिकता जीव मेटाकुटीला आला. एकादशीला वाटलं, उपास हाय, भाकरी नाय, तर सुई कशाला? साबुदाण्याची खिचडी खाल्ली ताटभर, अन् मशीन असलं काय बोंबललं म्हणता! पुरणपोळीला किती, हुरड्याला किती, बोरं खाल्ली तर धरायची का सोडायची... डोकं नुसतं भणभणतं. चौथी शिकल्याली बाई मी, घासाघासाला गणित! पण जमलं. आता ताट बघितलं की रेघा डोळ्यांपुढं येत्यात. हात कापत नाय, घाम फुटत नाय. चुलीची धग आता नुसती चुलीची धग ऱ्हायली.

अन् पैली जेवते बरं का मी! ओट्यावर पावणं ताटकळत बसल्यालं, दाजी आले तर दाजी बी, अन् मी आत पाटावर बसून, एकेक घास मोजून, चावून चावून... राणीवाणी! ह्यांनी तर पावण्यांना सांगूनच ठेवलंय, "थांबा वो, तिचं होऊ द्या." आयुष्यात असं सुख नाय बघितलं. अन् शेवटचा घास तोंडात हाय, अजून हात बी धुतला नाय, तवर ओट्यावरनं ह्यांची हाळी...

"झालं ना गं तुझं पोटभर? मग ऊठ, वाढ सगळ्यांना. आता तुला भुकेचं निमित्त बी नाय ऱ्हायलं!"