चुड्याखालची जागा

नीलाबाई : आता पुन्हा ती कापसाची काडी? मागच्या खेपेला दोन्ही हात पुसून नेलेस की. शेजारच्या पेमाची नात म्हणून ऐकून घेऊन राहिले, न्हाईतर...

दिपा : नेले होते, दादी. नांदेडला कॉलेजात तपासले. पण तुझ्या हातांवरून जवळजवळ काहीच उगवलं नाही.

नीलाबाई : उगवायला काय हरभरा पेरला व्हता हातावर?

दिपा : जंतू गं. सगळ्यांच्याच कातडीवर असतात.

नीलाबाई : माझ्या न्हाईत! तांड्यात विचार कुणालाबी.

दिपा : चांगले असतात ते. जागलीवर बसल्यासारखे. दुसऱ्याला आपल्या रानात पाय ठेवू देत नाहीत. काही तर असा रस सोडतात की औषधाला न जुमानणारा जंतूही मरतो.

नीलाबाई : म्हाताऱ्याच्या पायात घुसलाय, तसला?

दिपा : तसलाच. तू रोज थावराबाबांची जखम धुतेस, तरी तुला साधी पुळी नाही. काहून, ते बघायचंय मला.

नीलाबाई : पाय राहतो का म्हणून डाक्टरला पुसलं, तर औषध बदलून पाहू म्हणला. किती बदलतो... बरं, मग माझे जागले गेले कुठं?

दिपा : हात कशानं धुतेस?

नीलाबाई : दवाखान्यातल्या साबणानं. पार कोपराच्या वर. जखमेआधी, जखमेनंतर, मग भेव वाटलं की पुन्यांदा.

दिपा : जखमेच्या वेळी धुवायलाच पाहिजे. पण दिवसभर घासलं की राखणारेही धुऊन जातात.

नीलाबाई : आमी तर लहानपणी जखमेवर माती दाबायचो. व्हायचं बरं.

दिपा : सगळ्यांचं?

नीलाबाई : ...न्हाई. माझा दीर त्यातच गेला. बैलाचा खूर लागला व्हता नुसता.

दिपा : दादी, साबण पोचला नाही अशी एखादी जागा असेल तर...

नीलाबाई : दंडाकडं काय पाहून राहिली?

दिपा : चुड्याखाली. तो जरासा उतरवलास तर—

नीलाबाई : जीभ आवर! तू बी तांड्याचीच ना? आपल्यात चुडा कधी काढतात, ठाव न्हाई?

दिपा : ठाव आहे. चुकलं माझं.

नीलाबाई : ...आन् भेटले जागले, तर म्हाताऱ्याच्या पायाला लावशील?

दिपा : नाही, दादी. खोटं कशाला सांगू? आधी कैक वर्षं तपासावं लागतं. बाबांना डॉक्टरचंच औषध.

नीलाबाई : मग कुणाच्या कामाचे?

दिपा : पुढच्या कुणाच्या तरी. त्याचाही पाय असाच असेल.

नीलाबाई : त्याची बी कुणी बायको असंल... आण ती काडी.

दिपा : आणि चुडा?

नीलाबाई : काढायचा न्हाई. खालून सार. लग्नात घातला तवा आत सुई जात नव्हती. तेल लावून चढवला, तरी रडले मी.

दिपा : आता तर बोट जातंय, दादी.

नीलाबाई : तो खाटेला लागल्यापासून दंडच वाळून राहिला. हळू सार, पोरी. चुडा वाजला की आत त्याला जाग येते.