पडद्याआडची झोप

—हलू नका ना ताई, टाचणी टोचेल. कंबरेत एवढं आत घेऊ? की आणखी? दवाखान्यात दिवसभर वाकायचं-उठायचं तुम्हाला, नर्सचा युनिफॉर्म फार घट्ट नको. आणि तो आवाज ना, तो मशीनचा नाही हो, आमच्या ह्यांचा! पडद्यामागे झोपलेत. घोरू देत, मला तर गाणं वाटतंय ते. पाठीचं ऑपरेशन झाल्यापासून डोळ्याला डोळा नव्हता लागला, त्यांचाही आणि माझाही. कुशीवर वळवलं तरी ओरडा, नाही वळवलं तरी ओरडा — आणि बोलणं असं, की त्यापेक्षा कात्री लागलेली परवडली.

दुखण्यावर गोळ्या आहेत की! चांगल्या जोरकस आहेत, मॉर्फिनच्या घराण्यातल्या, असं त्यांचे डॉक्टरच म्हणाले. दुखणं कमी होतं, नाही असं नाही — पण पोट साफ होत नाही, डोकं गरगरतं. परवा भिंतीला धरून उभे राहिले आणि मलाच विचारतात, बाई, तुम्ही कोण? आता हसू की रडू? आणि एवढं होऊन झोप येते का? छे! म्हणून मग मी — काय करणार, माझ्या झोपेच्या गोळ्यांतली एक दिली. हात वर करा जरा. हां. माझ्याच हो, मला डॉक्टरांनी रीतसर लिहून दिलेल्या, दुसऱ्या डॉक्टरांनी. अशा काय बघताय?

नाही, ह्यांच्या डॉक्टरांना नाही सांगितलं. त्यांनी विचारलं होतं, ह्यांना आणखी कुठल्या गोळ्या चालू आहेत का — मी म्हटलं, नाही. खोटं कुठे बोलले? ह्यांना नव्हत्याच, माझ्या होत्या त्या. काल एक दिली, काही बिघडलं नाही. आज सकाळी दोन. दोन का म्हणजे — तुमचं काम आज द्यायचं होतं ना! तसं नाही हो, तुमच्यावर नाही ढकलत... खरं सांगू? मला जरा शांत बसायचं होतं. दुपारपर्यंत कुणी हाक मारू नये, बस्स. एवढंही वाटू नये का माणसाला?

कुठे निघालात? अहो, टाचण्या! त्यांना उठवू नका, तुम्ही यायच्या आधी मीच हलवून पाहिलं — हूं की चूं नाही, इतकी गाढ झोप. ओठ? ओठ निळसर वाटले जरा, पण पडदाच निळा आहे ना, त्याचा उजेड पडतो. श्वास घेतात की! थांबून थांबून घेतात, घशात घरघर होते, पण दमलेला माणूस असाच झोपतो — झोपतो ना? तुम्ही दवाखान्यातली माणसं उगीच घाबरवता. ऐका, आता येईल बघा पुढचा. मघापासून असंच चाललंय, जरा वेळ लागतो, मग येतो. येईल. ऐका—

अहो.

अहो, ऐकलंत का? उठा ना, कोण आलंय बघा... ताई, टाचण्या राहू देत, फाटू दे तो कपडा! तुम्ही सरकवा तो पडदा. जा ना आत, जा!