पडणं आणि बसणं

(तपासणीची खोली. नर्सच्या हातात फॉर्म. समोर आजी-आजोबा खुर्चीला खुर्ची लावून बसलेले.)

नर्स : संधिवात दोघांनाही. तुमचे गुडघे, आजोबांची बोटं. बरं आजी, वर्षभरात कितीदा पडलात?

आजी : एकदाही नाही. शून्य लिहा.

आजोबा : हं.

नर्स : आजोबा, 'हं' म्हणजे?

आजोबा : पडली नाही ती. बसली.

नर्स : बसल्या?

आजोबा : एकदा बाथरूममध्ये बसली. एकदा जिन्यात. आणि परवा पलंगावर बसायला गेली, ती पलंगाच्या अलीकडेच बसली.

आजी : अहो! घरून निघताना काय ठरलं होतं आपलं?

आजोबा : 'पडली' म्हणायचं नाही, एवढंच ठरलं होतं. मी कुठे म्हणालो?

नर्स : आजी, माझ्यापासून लपवून कसं चालेल?

आजी : तुमचं काय जातंय हो आकडा लिहायला! तो कागद आमची लेक वाचणार. तिनं बजावलंय, आता पडलीस तर तू माझ्याकडे आणि बाबा दादाकडे. दोघांना पुरेल एवढी जागा कुणाकडेच नाही. बावन्न वर्षांनी वाटणी करून घेऊ आमची? यांच्या शर्टाची बटणं कोण लावणार? सून?

नर्स : म्हणून दुखणं गिळत राहिलात?

आजी : गिळलं. मग काय करू?

नर्स : सांगायचं. म्हणजे बाथरूममध्ये धरायला दांडी बसवता येते, जिन्यात दिवा लावता येतो. हाडांची तपासणी होते. पायात जोर यावा म्हणून रोज दहा मिनिटं व्यायाम. उद्या खुबा मोडला, तर मात्र तुमची वाटणी मलाही थांबवता यायची नाही. लेकीशी मी बोलते.

आजी : नक्की बोलाल?

नर्स : आजच फोन करते.

आजोबा : मग लिहा, तीन. आणि माझंही एक लिहा.

आजी : तुमचं? तुम्ही कधी पडलात?

आजोबा : जिन्यात. तुला उठवायला वाकलो तेव्हा.

आजी : अगंबाई! मला वाटलं, मला सोबत म्हणून बसलात.

आजोबा : तेही होतंच.

नर्स : चला आजी, आता खुर्चीवरून उठून दाखवा. हात न टेकता. सावकाश.

आजी : अहो, तुम्ही मध्ये हात घालू नका हं.

आजोबा : नाही घालत. नुसता जवळ ठेवतो.